ये-जा विद्यापीठातली गजरमावशी

शहरात त्या विद्यापीठाचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे म्हणायचे, 'ये-जा विद्यापीठ'. सकाळी बसगाड्या भरभरून पोरं आणून ओतायच्या, संध्याकाळी भरभरून उचलून न्यायच्या, आणि दिवे लागले की त्या टोलेजंग इमारतींमध्ये पहारेकऱ्यांच्या बुटांचा आवाज तेवढा उरायचा. वसतिगृह नावापुरतं एक होतं, त्यातल्या निम्म्या खोल्यांत जुन्या खुर्च्या कोंबलेल्या. ज्यांची मुलं हिरवळवाल्या, वसतिगृहवाल्या कॉलेजांत शिकत होती, ती माणसं ह्या विद्यापीठाचा विषय निघाला की नाक मुरडायची. तिथे कोण कोणाला ओळखतं? पदवी घ्यायची आणि बस पकडायची.

हे असलं काही ऐकलं की गजरमावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गजरमावशी म्हणजे तळमजल्यावरच्या विश्रांतीच्या खोलीची राखणदारीण. लांबून येणाऱ्या मुलांचा एक तास सकाळी असे, दुसरा थेट संध्याकाळी; मधल्या वेळात घरी जाऊन परत यायचं तर सगळा दिवस बसमध्येच जाणार. म्हणून ही खोली. भिंतीकडेनं रांगेत मांडलेले सोफे, प्रत्येकावर एक चादर, एका कोपऱ्यात पाण्याचा नळ. नवरा गेल्यावर मावशी इथे कामाला लागली, ती झाडलोट करायला आणि चादरी बदलायला. मुलांना उठवायचं काम तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते तिनं आपण होऊन अंगावर घेतलं.

आता कोणी म्हणेल, सगळ्यांकडे मोबाइल असतात की. असतात. पण खोलीभर माणसं झोपलेली असताना एकाचा मोबाइल वाजला की बाकीचे सगळे दचकून उठतात, आणि ज्याचा वाजतो तो मात्र कूस बदलून झोपतो. दोन-चार वेळा यावरून जुंपलेली भांडणं सोडवून मावशी कंटाळली. तिनं बाजारातून लहान मुलांच्या पाट्या आणल्या. झोपायच्या आधी पाटीवर उठायची वेळ लिहायची आणि पाटी पायाशी ठेवायची. मोबाइल बंद. मावशी फेऱ्या मारणार आणि ज्याची वेळ झाली त्याला हळूच उठवणार, शेजारच्याला पत्ता लागणार नाही असं. आणि त्या खोलीचा एकच कडक नियम होता. कोणी झोपलं असेल तर आवाज करायचा नाही. नवीन आलेली मुलंसुद्धा दोन दिवसांत चवड्यांवर चालायला शिकत.

"वहिनी, कबूल करा," दीर जेवताना छेडायचा. मावशी त्याच्याच घरी राहत होती, आणि तो स्वतः वसतिगृहात राहून शिकलेला, त्याचा त्याला भारी तोरा. "तुमचं विद्यापीठ म्हणजे बसस्टँड. एकाचं तरी नाव माहीत आहे का तुम्हाला?"

"नावाशी काय करायचंय? चष्मेवाल्याला पायाचा अंगठा हलवून उठवावं लागतं. त्या उंच मुलीजवळ नुसतं जाऊन उभं राहिलं तरी पुरतं. तुम्हाला होतं का माहीत तुमच्या खोलीतल्या मित्राचं?"

"स्टँडवरच्या हमालालाही माहीत असतं, कोणाची पेटी जड आहे ते."

मावशी त्याच्या ताटात भाजी जरा जोरानंच वाढायची. मनातून मात्र तिला ते बोलणं टोचायचं. ती खोली म्हणजे घर आहे, हे तिला कोणाला तरी पटवून द्यायचं होतं; बहुतेक स्वतःलाच.

बेकरीताई आल्यापासून तिला ते पटायला लागलं होतं. चाळिशीची बाई, पोरांच्या बरोबरीनं इतिहास शिकायला आलेली. पहाटेपासून बेकरीत कणीक मळायची, दुपारी बस पकडून इथे पोचायची, आणि संध्याकाळच्या तासापर्यंत कोपऱ्यातल्या सोफ्यावर आडवी व्हायची. भुवईला हमखास पीठ लागलेलं. विकता न येणारे वाकडेतिकडे पाव पिशवीतून घेऊन यायची आणि आल्याबरोबर सगळ्यांत वाटून टाकायची. "खा रे, चवीला सरळच आहेत," म्हणायची. संध्याकाळचा तास हा तिचा जीव की प्राण. "मावशी, वाटेल ते झालं तरी मला उठवायचं बरं का. तेवढ्यासाठी तर येते मी." आणि मावशी उठवायची. तीन वर्षांत एकदाही चुकली नाही.

त्या दुपारी ताई आली तीच डोकं धरून. बेकरीतली एक जोडीदारीण रजेवर होती, आठवडाभर ताई दोघींचं काम उपसत होती. पाव वाटले, पण स्वतः खाल्ला नाही. पाटीवर नेहमीची वेळ लिहिली आणि पडली. थोड्या वेळानं घोरायला लागली. तिला घोरताना कोणी कधी ऐकलं नव्हतं. उंच मुलगी तोंडावर हात दाबून हसली, चष्मेवाला खुणेनं म्हणाला, गाडी घाटात आहे. हसली सगळी, पण मायेनंच हसली.

वेळ झाली तेव्हा मावशी सोफ्यापाशी गेली. हात पुढे केला आणि मागे घेतला. किती गाढ झोपली होती बिचारी! एक दिवस तास बुडाला म्हणून काय इतिहास बदलणार आहे? चष्मेवाला कुजबुजला, "झोपू द्या ना मावशी, मी देईन त्यांना टिपणं." मावशीनं वाकून पाटीवरची वेळ बोटानं पुसली आणि पुढची लिहिली. उंच मुलीनं आपला कोट आणून ताईच्या पायांवर घातला. कोणीतरी कोपऱ्यातला दिवा मालवला. कोणीतरी रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येऊ नयेत म्हणून खिडकी लावून घेतली. सगळी खोली एका बाईच्या झोपेसाठी श्वास रोखून बसली. मावशीच्या मनात आलं, भाऊजींना आणून दाखवायला पाहिजे हे. म्हणे बसस्टँड!

दुसऱ्यांदा गेली तेव्हा घोरणं थांबलेलं होतं. खांद्याला हात लावला. हलवलं. मग दोन्ही हातांनी हलवलं. ताई उठली नाही.

दवाखान्यात मावशी आणि चष्मेवाला गेले. टेबलाशी बसलेल्या माणसानं विचारलं, "तुमच्या कोण?"

"आमच्या बेकरीताई," चष्मेवाला म्हणाला.

"नाव सांगा."

दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी ताईच्या पिशवीतल्या ओळखपत्रावरून मावशीनं नाव वाचून दाखवलं, आणि वाचताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर तरुण होती. मेंदूत रक्तस्राव झाला, म्हणाली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "झोपेत घोरत होत्या का? नेहमीपेक्षा वेगळं?"

मावशीनं मान हलवली.

"ते लक्षण असतं. लवकर आणलं असतं तरी वाचल्या असत्या असं नाही सांगता येत."

नसत्या वाचल्या असंही तिनं सांगितलं नाही. ते वाक्य मावशी घरी येईपर्यंत मनात उलटंपालटं करत राहिली. दीर दारातच उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. तो स्टँडचा स देखील बोलला नाही, गुपचूप पाणी आणून दिलं, आणि त्याचं ते न बोलणं मावशीला आजवरच्या सगळ्या चेष्टेपेक्षा जास्त लागलं.

पुढे काही दिवसांनी ताईचे वडील आले. ग्रंथालयाचं एक पुस्तक घरी राहिलं होतं, ते परत करायला आले होते, आणि तिथून विचारत विचारत ह्या खोलीपाशी पोचले. जन्मभर नळाची कामं केलेला माणूस, बोटं जाडजूड. आत पाऊल टाकल्यावर आधी त्यांची नजर कोपऱ्यातल्या ठिबकणाऱ्या नळाकडे गेली, मग माणसांकडे.

"तुम्हीच गजरमावशी," ते म्हणाले. विचारलं नाही, ओळखलंच. "आणि हा चष्मेवाला. ती उंच मुलगी कुठाय? ही काय. तुझा कोट मोठा आहे ना, सांगायची ती."

मावशीला त्यांना 'बसा' म्हणायचंही सुचलं नाही.

"मीच तिला बोललो होतो," म्हातारबाबा सांगायला लागले. "म्हटलं, या वयात कशाला जातेस? ते ये-जा विद्यापीठ. तिथे कुणी कुणाचं नसतं. तर म्हणाली, बाबा, तुम्ही या एकदा. तिथे एक मावशी आहे, जग इकडचं तिकडे झालं तरी मला वेळेवर उठवते. रोज रात्री जेवताना तुमच्याच गोष्टी. म्हणून म्हटलं, आपण जाऊन आभार मानून यावेत."

त्यांनी खरोखरच हात जोडले.

त्याच क्षणी मावशीला गप्प राहता आलं असतं. चष्मेवाला तिच्याकडे बघून मान हलवत होता, सांगू नका म्हणून. म्हातारबाबा समाधानानं घरी गेले असते, कोणाचं काही बिघडलं नसतं. पण आपल्यापुढे जोडलेले ते हात तिला बघवेनात.

"बाबा, त्या दिवशी मी नाही उठवलं," ती म्हणाली. "वेळ झाली होती. मी गेले होते जवळ. फार थकलेली दिसली म्हणून झोपू दिलं. पाटी पुसली मी. ह्या पोरांचं काही नाही त्यात, सगळं माझं."

म्हातारबाबांचे हात हळूहळू खाली आले.

"पहाटे मी उठवायचो तिला," ते म्हणाले. "बेकरीत उशीर चालत नाही. पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची, 'बाबा, पाचच मिनिटं' म्हणायची, लहानपणी म्हणायची तशी. एक दिवसही दिली नाहीत मी पाच मिनिटं. मी बाप. मला नाही कधी दया आली." त्यांनी मावशीकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला कशी आली हो?"

मावशीनं वाकून कोपऱ्यातल्या सोफ्यावरची चादर उगाच सारखी केली.

म्हातारबाबा कोपऱ्यातल्या सोफ्यावर जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बस्स, एवढं झालं आणि खोली आपल्या सवयीनं वागायला लागली. दारातून आत येणारी दोन मुलं चवड्यांवर चालू लागली. एकानं हात लांब करून दिवा मालवला. दुसरा खिडकी ओढून घ्यायला निघाला. सगळं कसं शांत, सगळं कसं प्रेमानं.

"लावा तो दिवा!" मावशी किंचाळली. त्या खोलीत तिचा आवाज कोणी कधी ऐकलाच नव्हता. "लावा म्हणते ना! आणि बोला. मेल्यांनो, बोला काहीतरी मोठ्यानं. असे गप्प बसू नका!"

दिवा लागला. पण बोलायचं काय, ते कोणाला सुचेना. मावशी उभ्या उभ्या ढसाढसा रडत होती, आणि म्हातारबाबा डोळे उघडून ह्या परक्या पोरांकडे, ज्यांच्या गोष्टी त्यांना तोंडपाठ होत्या, एकेक करून बघत होते.

शेवटी उंच मुलगी पुढे झाली. दवाखान्यात ती गेली नव्हती, आणि नंतर विचारायला तिला लाज वाटली होती.

"बाबा," ती म्हणाली, "ताईंचं नाव काय होतं?"

म्हातारबाबांनी सांगितलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.