देवाच्या नावाची मूठ

तेलंगणाच्या सीमेवरल्या तलमडुगूकडच्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि त्यांतलं सगळ्यांत तोंडाळ घर देवकाबाईचं. घरात बोलणारी मात्र ती एकटीच. नवरा फकिरा दोन वर्षांपूर्वी कापसाच्या गाडीवरून उतरताना कोसळला, तो खाटेला खिळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आदिलाबादच्या डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि सांगून टाकलं की याला आता काही समजत नाही, खाऊ घाला आणि स्वच्छ ठेवा.

देवकाबाईनं तेवढं केलं. सकाळी त्याचं आवरायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबायचं, संध्याकाळी घास भरवायचा. माणूस गेला तर रडून मोकळं तरी होता येतं. हा गेलाही नव्हता आणि राहिलाही नव्हता.

त्या वर्षी लेंट लागला. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे हे चाळीस दिवस. तिथल्या ख्रिस्ती बायकांची एक रीत आहे. रांधायला, दळायला धान्य काढलं की त्यातली एक मूठ आधी देवाच्या गाडग्यात टाकायची आणि ईस्टरला ते गाडगं चर्चमध्ये नेऊन द्यायचं. देवकाबाईचं माहेर नवस बोलणाऱ्यांचं. बाप्तिस्मा घेऊन केस पिकले, तरी देवाशी बोलायची तिची तऱ्हा माहेरचीच राहिली. पहिली मूठ टाकतानाच तिनं देवाशी ठरवून टाकलं: गाडगं काठोकाठ भरून देईन, तू फक्त याला एकदा माझी ओळख पटू दे. उठव म्हणत नाही, चालव म्हणत नाही.

घरच्या प्रार्थनेला आलेल्या पाद्र्यांच्या कानावर हे गेलं. त्यांना सगळे अय्यगारू म्हणत. माणूस सज्जन. त्यांनी आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत समजावलं की देव असा सौदा करत नाही.

"मंग काय करते तो?" देवकाबाईनं विचारलं.

अय्यगारूंनी त्या दिवशी प्रार्थना जरा लवकर आटोपली.

ती एकवेळच जेवू लागली आणि दुसऱ्या वेळची ज्वारी गाडग्यात जाऊ लागली. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, तोंडावर आला तेव्हा गाडगं गळ्यापर्यंत भरलं होतं. अशात शेजारची रुख्मिणी दारात आली. तिचा नवरा कामाला म्हणून निर्मल शहरात गेला होता, त्याचा पत्ता नव्हता, आणि घरात दोन लहान पोरी.

"मावशी, शेरभर जवारी दे वं. पोरी उपाशी हायेत."

"घरात नाई."

"गाडग्यात दिसून राह्यली ना."

"ते देवाचं हाय. त्याले हात लावता येत नाई."

रुख्मिणी "बरं" म्हणाली आणि गेली. हे सगळं फकिराच्या खाटेसमोरच झालं.

संध्याकाळी देवकाबाईनं भाकरी वरणात कुस्करून घास त्याच्या ओठांना लावला. एरवी ओठ आपोआप उघडत. आज उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. आता हा चाललाच, असं वाटून ती बोटानं ओठ उघडायला गेली, तर त्यानं दात आवळले. मग त्याचा डावा हात उचलला गेला. त्या हातात एवढा जीव कधी आला कोण जाणे, त्याच्याकडे बघत होतं कोण? हात हळूहळू गाडग्याकडे गेला आणि तिथून रुख्मिणी गेली त्या दाराकडे.

देवकाबाईला आनंद व्हायच्या आधी संताप आला. दोन वर्षांनी नवरा बोलला, आणि बोलला तो तिची चूक दाखवायला.

तिनं गाडगं कमरेवर घेतलं, रुख्मिणीच्या ओट्यावर आदळलं आणि "घे" एवढंच म्हणाली. रुख्मिणीनं आढेवेढे घेतले नाहीत, पोटात आग असली की रुसवा परवडत नाही. ईस्टरला चर्चमध्ये काय न्यायचं, हा विचार देवकाबाईला परतीच्या वाटेवर आला आणि तिनं तो वाटेवरच सोडला.

घरी येऊन तिनं घास पुढे केला. फकिरानं तोंड उघडलं. त्याला कळत होतं. तो होता. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती गारठली.

दोन वर्षं त्याला काही समजत नाही म्हणून ती त्याच्यासमोर काय काय बोलली होती! त्याची घाण काढताना, "मरत काऊन नाई तुमी एकदाचे?" असं कितीदा विचारलं होतं. त्याच्याच उशाशी बसून बायकांना सांगितलं होतं की हा गेला तर मी सुटते. मागितलेलं मिळालं होतं, पण घ्यायला तिला तोंड राहिलं नव्हतं.

दुसरा घास हातातच राहिला.

"सारं आयकत होते का तुमी?"

फकिरानं डावा हात तिच्या मनगटावर ठेवला आणि तो घास आपल्या तोंडाकडे ओढला.