दोन बोटं उंच

जपानमधल्या त्सुकुबात सप्टेंबर सरता सरता एके सकाळी खिडकी उघडावी आणि हवेत पिकलेल्या जर्दाळूंचा वास भरून राहिलेला असावा. वास जर्दाळूंचा नसतो. किनमोकुसेई नावाच्या झुडपाची नारिंगी, इवलीशी फुलं कुठल्यातरी कुंपणाआड उमललेली असतात. ते झाड नेमकं कुठे आहे, हे बारा वर्षांत मी कधी शोधलं नाही. पुढच्या वर्षी पुण्याला परतायचंच आहे, मग इथल्या झाडाझुडपांशी ओळखी कशाला वाढवा, असा माझा खाक्या.

यंदा तो वास आला तेव्हा आम्ही, म्हणजे मी, नवरा आणि लेक इरा, घर रिकामं करत होतो. संशोधन संस्थेतलं माझं कंत्राट संपलं होतं, नवऱ्याला नागोयात नोकरी लागली होती आणि ‘पुढचं वर्ष’ आणखी एकदा पुढे गेलं होतं. शनिवारी दुपारी तीन वाजता घर तपासायला माणूस येणार होता. इथे भाड्याचं घर जसं घेतलं तसंच परत द्यावं लागतं, आणि बारा वर्षांत भिंतीला एक खिळासुद्धा ठोकला नाही याचा मला कोण अभिमान! सामान निघून गेल्यावर त्या कोऱ्या भिंतींवर कोवळं ऊन उतरलं होतं, आणि घर आम्ही कधी इथे राहिलोच नसल्यासारखं दिसत होतं.

शेजारची एलेना बादली घेऊन मदतीला आली. ती मेक्सिकन वंशाची, कॅलिफोर्नियात जन्मलेली, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते. भिंतीवरून हात फिरवत तिने विचारलं, “इराच्या उंचीच्या खुणा कुठे आहेत?”

“नाहीत. भाड्याचं घर आहे ना!” मी जवळजवळ तोऱ्यातच म्हणाले.

तिने बादली खाली ठेवली. घरी जाऊन बिस्किटांच्या डब्यातून एक गुंडाळी घेऊन आली आणि तिने ती जमिनीवर उलगडली. पिठाच्या पोत्याची कड फाडून केलेली ती लांब पट्टी होती. एलेनाचे पणजोबा सरहद्द ओलांडून द्राक्षं तोडायला गेले, मग द्राक्षांमागून लिंबं, लिंबांमागून कोबी, असं ते कुटुंब पिकांच्या मागे फिरत राहिलं. मजुरांच्या खोल्या दर हंगामाला बदलत, आणि जिच्यावर पोरांची उंची कोरावी अशी एकही चौकट त्यांच्या नशिबी नव्हती. म्हणून पणजीने चौकटच गुंडाळून बरोबर घेतली. प्रत्येक मुलाला एक रंग, प्रत्येक वाढदिवसाला एक टाका. निळे टाके एलेनाच्या आजीचे. लाल टाके आजीच्या भावाचे, ते दोनच आहेत. वडिलांच्या वेळेपर्यंत स्वतःचं घर झालं, दारं झाली, तरी आजी वाढदिवसाला पट्टीच काढायची. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल छड्या खाल्लेल्या वडिलांनी लेकीला ती भाषा शिकवली नाही. त्यामुळे आजी-नातीचं सारं बोलणं त्या पट्टीपाशीच झालं. “ताठ उभी राहा,” एवढं एकच स्पॅनिश वाक्य मला आजीकडून मिळालं, असं एलेना हसून म्हणाली.

मला आधी तिचा हेवा वाटला, आणि मग धडकीच भरली. इरा अकरा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. परत गेल्यावर बघू, म्हणून मी ते सोडून देत आले. पोर या घरात रांगली, उभी राहिली, माझ्या हनुवटीला लागली, आणि मी सांभाळल्या त्या भिंती.

एलेना गेल्यावर मी गाद्या ठेवायचं कपाट पुसायला घेतलं. त्याचं सरकतं दार बाजूला केलं, तर एरवी दाराआड झाकल्या जाणाऱ्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. एकावर एक, प्रत्येकीपुढे इराचं वय जपानीत लिहिलेलं. आणि सगळ्यांत वर एक रेघ, तिच्यापुढे डुगडुगत्या देवनागरीत ‘आई’. तिला मराठी अक्षरं येतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी तिथेच तातामीच्या चटईवर बसून रडले.

पण तीन वाजायच्या आत रेघा पुसायला हव्या होत्या. बॅगेच्या तळाशी साडीचा एक कोरा फॉल होता, आईने कधीतरी दिलेला, कुठल्याच साडीला न लागलेला. मी इराला हाक मारली. तिने खालचं टोक धरलं, मी फॉल चौकटीला लावला आणि तिच्या एकेका वयाला एकेक टाका घातला. शेवटच्या रेघेशी आलो तेव्हा तिने मला पाठ टेकून उभं केलं. रेघ माझ्या डोक्याच्या दोन बोटं वर होती.

“आई, चिजिन्दा?” आकसलीस का, असं जपानीत विचारून ती खुदकन हसली. मग रेघेकडे बघत म्हणाली, “मी लहान होते ना, स्टुलावर चढून अंदाजाने काढली. खालून तू एवढी दिसायचीस.”

हे ती मराठीत बोलली, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तिच्या रेघा तिने खोडल्या, माझी मी. तीनला आलेल्या माणसाने वाकून वाकून सगळं घर पाहिलं, कुठेही डाग नाही म्हणून आभार मानले आणि किल्ल्या घेतल्या.

माझा टाका मात्र मी माझ्या उंचीवर घातला नव्हता. तिने रेघ काढली होती तिथेच घातला होता. नागोयाच्या गाडीत फॉलची गुंडाळी मांडीवर घेऊन इरा झोपून गेली. तिच्या केसांना अजून त्या नारिंगी फुलांचा वास होता. बऱ्याच वेळाने मला जाणवलं, की मी पाठ न टेकता, अगदी ताठ बसले आहे.