लुगड्याने बांधलेले बाबा आणि माझी सहाशे सीसी

मित्रांनो, ‘चार सेकंदांत शंभरचा वेग’ म्हणत माझ्या सेकंडहँड स्पोर्ट बाईकचे फोटो मीच इथे ग्रुपवर टाकले होते.

आज सकाळी साखरशेतला बाबांचा उजवा हात लुळा पडला. त्यांना धरून बसता येईना, म्हणून आईने लुगड्याने माझ्या पाठीशी बांधलं. आमच्या पाड्यावर आजाऱ्याला असंच नेतात, पण साध्या गाडीवर. माझी बाईक जमिनीलगत; हिचं पोट वाटेतल्या ओढ्यात दगडावर टेकलं. पुढे जाईना, मागे येईना.

शेवटी चौघांनी बाबांना चादरीच्या डोलीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. मी हेल्मेट घेऊन मागे पळत होतो.

जव्हारला डॉक्टर म्हणाले, "उशीर केलात. आता या हाताची आशा धरू नका."

बाबांनी बोबड्या बोलात एवढंच विचारलं, "तुझी गाडी पान्यातून काढली का रं?"

माझ्याने ते फोटो बघवत नाहीत. अ‍ॅडमिनपैकी कुणी काढून टाकाल का?