किनाऱ्याची रेघ

खरं सांगतो, घर तिचं बुडालं होतं आणि पोटात दुखत होतं माझ्या.

अमेरिकेत, पिस्कॅटवेला आमच्या लॅबमध्ये आम्ही शेजारी बसायचो. ती नायजेरियातल्या लागोसची, मी नागपूरचा. काम दोघांचं एकच: लागोसच्या किनाऱ्याचे सॅटेलाइट फोटो लावायचे आणि दरवर्षी समुद्र कुठवर आत आला, त्याची रेघ माउसने ओढायची. पुढच्या वर्षाचं फंडिंग मात्र एकालाच मिळणार होतं. दुसऱ्याने गाशा गुंडाळून घरी जायचं.

तिच्याकडे सगळं आयतं आहे, असं मला वाटायचं. मी महिनाभर मान मोडून मीटिंगसाठी स्लाइड्स करायचो. ती नुसती बोलायची. श्रीमंतांनी समुद्रात भराव घालून टॉवर उभे केले, पुढे दगडांची भिंत घातली, आणि तिथून वळलेल्या लाटा तिच्या कोळीवस्तीवर येऊ लागल्या. आई आता शहराबाहेर मावशीकडे, एका खोलीत सात जणं. प्रोफेसर चष्मा काढून ऐकत राहायचे. माझ्या स्लाइडला कधी कोणी चष्मा काढला नाही! अरे, नागपुरात समुद्र कुठून आणू? फुटाळा तलाव दाखवू? एकदा फोनवर आईला म्हणालोसुद्धा, "आपलं काहीच कसं बुडालं नाही गं?"

"मेल्या, काय अभद्र बोलतोस!" आई म्हणाली.

आमच्याकडे एकाने ओढलेली रेघ दुसऱ्याने तपासायची पद्धत. तिची शेवटच्या वर्षाची रेघ माझ्याकडे आली आणि च्यायला, सापडलं! एके ठिकाणी रेघ पोट काढून समुद्रात गेली होती. फोटोत तिथे निव्वळ पाणी. तेव्हा मला जो आनंद झाला, त्याची आजही लाज वाटते. तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. शेजारीच तर बसायची. पण मी मीटिंगपर्यंत दम धरला आणि सगळ्यांसमोर झूम करून म्हणालो, "इथे पाणी आहे. हिने जमीन दाखवलीय."

प्रोफेसरांनी या वेळी चष्मा काढला नाही.

"चूक माझीच," ती म्हणाली. "तिथे आमचं घर होतं. चार-पाचदा रेघ आत घ्यायला बसले. हातच होईना."

फंडिंग मला मिळालं. पहिलं काम, ती रेघ दुरुस्त करायची. मी फाइल उघडून बसलो तेव्हा ती शेजारी खोक्यात सामान भरत होती. मावशीच्या त्या खोलीत आता ही आठवी. मी रेघ थोडी आत सरकवली आणि थांबलो.

ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"अजून आत घे," म्हणाली. "स्वयंपाकघरही गेलं."

मी घेतली.

"हं, बरोबर," ती म्हणाली आणि खोकं उचललं.