दोन-एक, आपण हरणार

फुटबॉलमध्ये तिसऱ्या नंबरची मॅच ज्याने शोधून काढली, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. दोन्ही टीम सेमीफायनल हरलेल्या. पोरींचे डोळे रडून सुजलेले, पाय भरून आलेले. आणि त्यांना म्हणायचं, चला, पुन्हा मैदानात उतरा, तुमच्यात कमी कोण हरलं ते बघू. जिंकणाऱ्याला धड आनंद नाही आणि हरणाऱ्याच्या वाट्याला दोनदा हरणं. आमची पोर त्या मॅचमध्ये अडकली म्हणून मला एवढा राग येतो, हेही खरंच. ती नसती तर मी टीव्ही बंद करून भाजी निवडायला बसले असते.

मी भुसावळजवळच्या एका शाळेत खेळ शिकवते. बावीस वर्षं झाली. ही पोर सातवीत असताना धुळ्याकडच्या खेड्यातून दीपनगरच्या वसाहतीत मामाकडे शिकायला आली. घरी कापसाची शेती. हडकुळी, उंच, हात नको तेवढे लांब. वर्गात त्या हातांचं काय करावं हे तिला कळत नसे, म्हणून ती ते पाठीमागे बांधून उभी राहायची. मी तिला गोलमध्ये उभं केलं. पाच वर्षांनी ती देशाच्या सतरा वर्षांखालच्या टीमची कीपर झाली आणि परदेशातल्या एका स्पर्धेत खेळायला गेली. आमच्या शाळेतून याआधी जिल्ह्याबाहेर कोणी गेलं असेल तर ते बदली होऊन.

तिला शिकवायची माझी एक पद्धत होती. किक मारणारी पोर पळत येते तेव्हा तिची कंबर कुठे वळते हे मला आधी दिसतं. का दिसतं ते सांगता येणार नाही, पण दिसतं. मी गोलच्या मागे उभी राहून ओरडायचे, "डावी!" किंवा "उजवी!" आणि पोर त्या बाजूला झेप घ्यायची. आमच्या मैदानावर वारा फिरला की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख येऊन बसते. डावीकडे चार वेळा पडली की पोर अर्धी पांढरी. चेंडू मात्र हातात असायचा. इतर पोरी म्हणायच्या, मॅडमना आधीच कळतं. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आमच्या घरातच हे आहे. माझे वडील, आबा, सावद्याकडचे केळीवाले. बांधावर उभं राहून बागेवर नजर फिरवतात आणि सांगतात, घड सरासरी इतक्या किलोचा भरेल. काटा लावला की अर्ध्या किलोचाही फरक पडत नाही. व्यापारी आधी आबांचं तोंड बघतो, मग केळीकडे बघतो. लहानपणापासून मी एवढंच शिकले की अंदाज सांगायचा तर खरा सांगायचा. समोरच्याला बरं वाटावं म्हणून वाढवून सांगणारा माणूस आमच्याकडे हलका समजतात.

सेमीफायनल हरल्याच्या दुसऱ्या दिवशी जळगावहून एका पेपरचा वार्ताहर फोनवर आला. "मॅडम, उद्याच्या अंकासाठी फक्त एक ओळ. परवा तिसऱ्या नंबरचं काय होणार?" मी विचारलं, आणखी कोणाकोणाला विचारलंत? तर एक कापड दुकानदार म्हणाला होता पाच-शून्य. एक ज्योतिषी म्हणाला होता, मंगळ आपल्या बाजूने आहे. एक पुढारी म्हणाला होता, खान्देशची कन्या इतिहास घडवणार. त्याला चेंडू गोल असतो एवढं माहीत असेल तरी पुष्कळ. उचलली जीभ लावली टाळ्याला.

माझं डोकं फिरलं. दोन्ही सेमीफायनल मी वही घेऊन पाहिल्या होत्या. समोरच्या देशाचं नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नाही. त्यांची एक पोर कडेने यायची, आत वळायची आणि जमिनीलगत किक मारायची. आमच्या बचावाच्या पोरी जादा वेळ खेळून थकलेल्या. आणि आमची कीपर डावीकडच्या खालच्या चेंडूला खाली जायला किंचित उशीर करते, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? वर्षभर झटूनही मला तो उशीर काढता आला नव्हता. मी वार्ताहराला म्हणाले, "लिहून घ्या. दोन-एक. आपण हरणार. एक गोल आपणही करू, पण दुसरा डाव्या बाजूने खालून बसेल." त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला, "नक्की ना, मॅडम?" मी म्हणाले, "मी ज्योतिषी नाही. मी मॅच बघून सांगते."

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो, जुना, चष्मा नसलेला, आणि वर जाड अक्षरांत की गुरूचाच कौल विरोधात. खाली कापड दुकानदार हसतोय. थकलेल्या पायांचं, जादा वेळेचं, समोरच्या त्या चांगल्या खेळाडूचं एक अक्षर नाही. दोन-एक मात्र होतं, आणि डावी बाजूही होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शिपाई मला चहा न विचारता गेला. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी हात जोडलेली चित्रं टाकली आणि लिहिलं, काही लोकांना आपलं चांगलं बघवत नाही.

दुपारी पोरीच्या आईचा फोन आला. बाई पेपर वाचणाऱ्यातली नाही, शेतातूनच बोलत होती.

"म्याडम, त्या तं हारी गयात ना? मंग आते काबरं खेळनं?"

"अक्का, आता तिसऱ्या नंबरासाठी खेळायचं आहे."

"जिकी का मनी पोर?"

"जिंकेल हो, अक्का. नक्की जिंकेल."

हे मी एका दमात बोलले. जीभ जरासुद्धा अडली नाही. त्या बाईला बरं वाटलं, ती हसली, म्हणाली बठ्ठं गाव, सगळंच्या सगळं, उद्या टीव्हीपुढे बसनार शे. फोन ठेवला आणि मी स्वतःलाच विचारलं, काय गं, कालचा तुझा खरेपणा कुठे गेला?

पोरींचे फोन कॅम्पमध्ये जमा असायचे. आपल्या वेळेने संध्याकाळी सात ते आठ तासभर हातात मिळायचे. म्हणून मी निर्धास्त होते, ती पेपर कुठे बघणार? पण मामा नावाचा माणूस जगात असतो हे मी विसरले. मामाने कात्रणाचा फोटो काढून भाचीला पाठवला होता, खाली रागाची दोन तोंडं काढून. सात वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन आला.

"मॅडम, पेपरातलं तुम्हीच सांगितलं?"

"हो."

"खरंच तसं होईल?"

आता इथे मी खोटं बोलायला हवं होतं. दुपारीच तिच्या आईशी बोलले होते, सवय झाली होती. "अगं, तो पेपरवाला काहीही छापतो," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पाच वर्षांत मी हिच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते. आणि सांगून टाकते, मला माझ्या अंदाजाचा अभिमानही होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी तो छापला होता. मी म्हणाले, "मला दिसलं ते मी सांगितलं. तू त्याचा विचार करू नकोस. तू खेळ."

"हो मॅडम," ती म्हणाली. नेहमीसारखंच म्हणाली. मागे कोणीतरी जेवायला हाक मारली आणि फोन बंद झाला.

आबा त्या आठवड्यात माझ्याकडेच होते, डोळे तपासायला आलेले. ओट्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"खरं बोलली तं बोलली," ते म्हणाले, "पन पेपरात काहाले?"

"तुम्हीच शिकवलंत ना? अंदाज खरा सांगायचा म्हणून?"

"घडाले कान नसतात व माय. पोरीले हायेत."

मी उठून आत गेले. आधी त्यांचाच राग आला, बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी आपटली. मग कळलं की साठ वर्षं केळीचे अंदाज सांगणाऱ्या माणसाला जे साधं ठाऊक होतं ते मला नव्हतं. घड ऐकत नाही, म्हणून त्याचं वजन सांगितल्याने बदलत नाही. मी लगेच फोन लावला. आठ वाजून दोन मिनिटं झाली होती. बंद. सकाळी लावला, बंद. त्यांच्या टीमच्या ट्रेनरबाईंचा नंबर एका ओळखीतून मिळवला, त्यांनी उचलला नाही. मेसेज केला, "तिला सांगा, मॅडमचा अंदाज चुकीचा आहे." त्यावर एकच राखाडी खूण आली आणि तिथेच राहिली. मॅच सुरू होईपर्यंत मी तो मेसेज कितीदा उघडून पाहिला असेल, त्याला हिशोब नाही.

मॅच दुपारी साडेतीनला होती. शाळेच्या सभागृहात पडदा लावला होता. मला पुढची खुर्ची दिली नाही, मीही मागितली नाही. मागे दाराजवळ पोरींमध्ये उभी राहिले. पहिला गोल आपला. सभागृहात अशी आरोळी उठली की खिडकीतली कबुतरं उडाली. दोन शिक्षकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे बघून हसले आणि मनापासून हसले, चुकू दे माझा अंदाज, रोज चुकू दे. मध्यंतराच्या आत त्यांनी एक फेडला. तो कोणालाच अडवता आला नसता. पुढे तासाभरात आमच्या पोरीने चार चेंडू अडवले, त्यातला एक बोटाच्या टोकाने. एक-एक. नव्वद मिनिटं संपायला थोडीच उरली आणि मला वाटायला लागलं की सुटलो.

मग ती कडेची पोर आत वळली. तिची कंबर वळली. मी तोंडावर हात दाबून धरला. चेंडू डावीकडून, खालून, खांबाला घासून आत गेला.

दोन-एक.

लोकांनी शिव्या घालायला हव्या होत्या. उलट झालं, आणि त्याने मी जास्त चिडले. मुख्याध्यापक येऊन म्हणाले, मॅडम, मानलं तुम्हाला. वार्ताहराने फोन करून अभिनंदन केलं, पुढच्या मोसमात रोज एक सदर लिहाल का म्हणून विचारलं. ज्योतिषाला कोणी काही विचारलं नाही. शिपायाने चहा आणून दिला, आलं घालून. मी तो बेसिनमध्ये ओतला.

आठवड्याने पोर भुसावळला उतरली. स्टेशनवर ढोल, हार, पुढारी, सगळं होतं, चौथ्या नंबरालाही आमच्याकडे गुलाल लागतो. मी गर्दी ओसरेपर्यंत जिन्याजवळ थांबले. मनात तयारी करून आले होते. ती चिडेल, रडेल, कदाचित बोलणारही नाही. तिने पाहिलं आणि हार गळ्यात तसेच ठेवून धावत आली. पाया पडली. चेहऱ्यावर राग नावालाही नव्हता. तोच जुना विश्वास होता, आणि तो मला बघवेना.

"मॅडम, मी सगळ्या मुलींना तुमचं कात्रण दाखवलं," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, तुझ्या मॅडमना आधीच कसं कळलं?"

"कधी दाखवलंस?"

"आदल्या रात्रीच, जेवताना."

अकरा पोरींच्या ताटात मी ते वाढून ठेवलं होतं.

"दुसऱ्या गोलच्या वेळी काय झालं?" मी विचारलं. विचारायला नको होतं. "तू चांगली खेळत होतीस."

ती हात पाठीमागे बांधून उभी होती, सातवीतल्यासारखी.

"एक-एक झाल्यापासून मी त्याची वाटच बघत होते, मॅडम. ती आत वळली तेव्हा मला कळलं, हाच तो. उडी मारली मी. पण मारायच्या आधीच मनात आलं की हा जाणार."

मी तिचे दोन्ही हात धरले. पेपरासमोर, आबांसमोर, मुख्याध्यापकांसमोर जे एकदाही म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "माझं चुकलं गं."



"चुकलं कुठे, मॅडम?" ती म्हणाली. "बरोबरच तर आलं."