धवलेरीचं गाणं आणि पन्नास टक्के वेग

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बोईसरमध्ये लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटचं मिक्सिंग करणारी चार-पाच दुकानं होती. मी काम करत होतो ते स्टेशनच्या पश्चिमेला, एका गॅरेजच्या माडीवर होतं. मालक स्वतः कॅमेरा चालवत आणि मी संगणकावर बसत असे. आधी दोन व्हीसीआर जोडून होणारं काम नुकतंच संगणकावर आलं होतं. त्यातली सर्वाधिक मागणीची गोष्ट स्लो मोशन. गिऱ्हाइकं तिला नुसतं ‘हळू’ म्हणत. हार घालताना हळू टाका, पोरगी सासरी निघते तिथे हळू टाका.

पद्धत सोपी होती. चित्राचा तुकडा निवडायचा, वेगाच्या चौकटीत शंभरच्या जागी पन्नास लिहायचं आणि वाट बघायची. एकेक फ्रेम दोनदा दाखवून संगणक तुकडा दुप्पट लांब करी. दोन मिनिटांच्या ‘हळू’ला जेवून परत येण्याइतका वेळ लागे. दुकानातला एकमेव टेबलफॅन संगणकाकडे तोंड करून असे. आवाज मात्र हळू होताना बिघडे. बाई पुरुषासारखी बोले, मुलं म्हाताऱ्यांसारखी हसत. म्हणून हळू केलेल्या भागाचा मूळ आवाज बंद करून वर सनई घालायची, हा दुकानाचा नियम होता. त्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती.

दुसरा नियम कॅसेटचा. हार्डडिस्क लहान असल्याने एका लग्नाचं काम संपलं की ती पुसावी लागे. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेटही मालक पुढच्या लग्नाला वापरत. जुन्या लेबलावर नवं लेबल चिकटवलं की कॅसेट नवी झाली.

त्या लग्नसराईत मनोरच्या बाजूच्या एका वारली पाड्यावरचं लग्न आमच्याकडे आलं. नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यात मशीन ऑपरेटर होता. वारल्यांत लग्न लावायला धवलेरी असते. ती देवांना नावं घेऊन बोलावते, गाते, आणि त्या गाण्यानेच लग्न लागतं. इथली धवलेरी नवऱ्याची मावशी होती. भिंतीवर तांदळाच्या पिठाने रंगवलेल्या लग्नाच्या चौकासमोर ती डोळे मिटून, मान डोलवत गात होती. चित्र फार चांगलं आलं होतं. मी गाण्याचा पहिला अर्धा भाग पन्नास टक्क्यांवर नेला, आवाज बंद केला, सनई घातली. उरलेला अर्धा लांबण लागेल म्हणून कापला. कॅसेट गेली. डिस्क पुसली.

चौथ्या दिवशी सकाळी नवरा कॅसेट घेऊन दुकानात आला.

“भाऊ, मावशीचा आवाज कठं हाय?”

मी सांगितलं, हळू केल्यावर आवाज ठेवता येत नाही.

“अख्खा पाडा बसलेला बघायला. मावशी तोंड हलवते आनि सनई वाजते. पोरं हसली. मावशी बोलली, मंग लगीन लावला कोनी, सनईवाल्यानं?”

मला हसू आलं. तो हसत नव्हता. मावशीला वर्षभर खोकला होता. हे शेवटचं, यापुढे कोणाचं लग्न लावणार नाही, असं तिने मांडवातच सांगितलं होतं. म्हणून तर त्याने व्हिडिओ काढायला लावला होता. तिचं गाणं दुसरीकडे कुठेही टेपवर नव्हतं.

मी कपाट उघडलं. मूळ कॅसेट नव्हती. मालक सकाळीच चिंचणीला हळदीच्या शूटिंगला गेले होते आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत काय होतं ते मला ठाऊक होतं. मी एक कोरी कॅसेट उचलली, दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. एमआयडीसीतून तारापूरमार्गे आम्ही चिंचणी गाठली.

चिकूच्या वाडीत मांडव होता. नवरीला हळद लागत होती आणि मालक एका गुडघ्यावर बसून चित्र घेत होते.

“कॅसेट काढा,” मी म्हणालो.

“आता? हळद चाललीय, दिसत नाही?”

“ही घाला. ती काढा.”

“अरे, वेड लागलं काय तुला? दुकान कोण बघतंय?”

हळदीचे हात वर धरून पाच बायका थांबल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “काय ओ, आमची पोरगी मावत नाय काय तुमच्या कॅमेऱ्यात?”

“मावते, मावते,” मालक म्हणाले. “हाच मावत नाहीये.”

बायका हसल्या. मालकांनी कॅसेट बदलली. हळद आटोपल्यावर त्यांनी जुनी कॅसेट पुन्हा कॅमेऱ्यात घालून मागे फिरवली आणि हेडफोन माझ्यासोबत आलेल्या नवऱ्याच्या कानाला लावला. त्याने एक डोळा कॅमेऱ्याला टेकवला. आधी चिंचणीची हळद गेली असणार, मग आडव्या रेघा. मग त्याचा खांदा हलला.

“हाय,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “अर्धा हाय. सुरवात गेली.”

मालकांनी दुसरीकडे बघत शूटिंगचा दिवा पुसायला घेतला. हळदीखाली गेलेला अर्धा भाग नेमका मी हळू केलेला होता. त्याचं चित्र तयार कॅसेटवर होतं, पण आवाज कुठेच नव्हता.

दुपारी दुकानात मी वाचलेला अर्धा भाग शंभर टक्के वेगाने, त्याच्या आवाजासकट जोडला. पहिल्या अर्ध्याचं काय करायचं ते नवऱ्याला विचारलं. दुसऱ्या एखाद्या बाईचं गाणं घालता येईल, असंही सुचवलं.

“सनई काडा,” तो म्हणाला. “दुसरा काय पन घालू नका.”

कॅसेट द्यायला मी स्वतः पाड्यावर गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. टीव्ही बाकड्यावर मांडला होता, समोर पंधरा-वीस माणसं बसली होती. मावशी पुढे, भिंतीला टेकून. चित्र सुरू झालं. पडद्यावर ती मुक्याने तोंड हलवू लागली. या वेळी पोरं हसली नाहीत. मग खऱ्या मावशीने एक ओळ धरली. खोकल्याने ती मध्येच तुटली. मागे बसलेल्या दोघी-तिघींनी ती उचलली. मावशी ओळ सुरू करून देई, बायका पुढे नेत. एक तरुण मुलगी दोनदा चुकली आणि दोनदा तिला पाठीत धपाटा मिळाला. एकेका देवाचं नाव घेत गाणं पुढे सरकत होतं. तेवढ्यात पडद्यावरचं हळू चित्र संपलं आणि टेपमधला मावशीचा आवाज मोठ्याने सुरू झाला. बायका गोंधळून थांबल्या.

मावशीने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“तू रं, कॅसेटवाला?”

“हो.”

“चार देव बाहेर रायले माजे. अजून हलू कर त्याला.”

मी कॅसेट परत आणली आणि तो तुकडा तीस टक्क्यांवर नेला. कामाच्या दृष्टीने ते वाईट होतं. आधीच हळू केलेलं चित्र आणखी हळू केल्याने झटके खात होतं, मावशीची मान घड्याळाच्या काट्यासारखी अडखळत फिरत होती. मालकांनी बघितलं आणि असलं काम आपल्या दुकानातून बाहेर जाता कामा नये, असं सांगितलं. मी लेबल न लावता कॅसेट दिली.

आठवड्याने नवरा पुन्हा आला. देव सगळे आत आले, म्हणाला. ती तरुण मुलगी आता रोज संध्याकाळी कॅसेट लावायला सांगते आणि पहिला मुका अर्धा भाग स्वतः गाऊन झाला की टीव्ही बंद करते.