ओडमक्कांचं प्रस्थान

आमच्या गल्लीत सकाळी सगळ्या बायका सडा घालायला खाली वाकत आणि ओडमक्का तेवढ्या मान वर करून उभ्या असत. त्यांच्या मागीलदारी नारळाला एक लांब बांबू बांधलेला होता आणि त्याच्या टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी. चिंधी कुठल्या बाजूला फडफडते ते पाहिल्याशिवाय त्यांनी कधी चुलीला हात लावला नाही. नाव त्यांचं वेगळंच होतं. पण तामिळीत होडीला ओडम् म्हणतात, आणि अक्कांच्या तोंडी सदा होडीच्या गोष्टी, म्हणून गल्लीनं त्यांना ओडमक्का करून टाकलं. त्यांना त्याचा राग नव्हता. पानवाली त्या नावानं हाक मारी तेव्हा तर त्या तिच्याकडून दोन पानं जास्तच घेत.

गंमत म्हणजे बाई जन्मात होडीत बसलेली नव्हती! कावेरीवर धुणं धुवायला गेलो की पैलतीरी जाणाऱ्या नावेकडे त्या अशा बघत, जणू ती आता बुडणारच. मी लग्न होऊन त्यांच्या शेजारी आले तेव्हा मला वाटलं, बाई जरा भ्रमिष्ट असाव्यात. पुढे कळलं, तसं नव्हतं.

दर बारा वर्षांनी आमच्या कुंभकोणच्या तळ्यात सगळ्या नद्या उतरतात, तो महामाघ. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या महामाघाला अक्कांची थोरली बहीण स्नानाला आली. तिला दिली होती गोदावरीकाठी, पार राजमहेंद्रीला. लग्नानंतर दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. मुक्कामभर हातात हात घालून बसल्या, भांडल्या, पुन्हा बसल्या. थोरलीची नजर तेव्हाच अधू झालेली. मीच उभी आहे असं समजून ती दाराच्या चौकटीला 'ये गे' म्हणाली होती. निघताना ती अक्कांना म्हणाली, "मी आले. आता परतभेट तुझी. मला दिसतंय तोवर ये, नाहीतर काय उपयोग?"

त्या दिवसापासून अक्कांना दुसरं काही सुचेना. चेन्नपट्टणापर्यंत, म्हणजे मद्रासेपर्यंत, आगगाडी होती, पण पुढे गोदावरीपर्यंत तेव्हा कालव्यातल्या होड्याच. गोदेकडून येणारा कुणीही, यात्रेकरू असो की काकणवाला, अक्कांच्या ओसरीवर ताक प्यायल्याशिवाय सुटत नसे. आणि ताकाबरोबर प्रश्न. पाणी कधी भरतं? होडी दोरीनं कधी ओढतात? मोठ्या खाजणात वारा कुठून येतो? सगळं ऐकून घेऊन त्या मला समजावीत, "हे बघ वेणू, आश्विन-कार्तिकात वादळं. पौषात पाणी तुडुंब, पण वारा उत्तरेचा, नाकासमोर. होडी माणसांनी ओढायची म्हणजे गोगलगायच. चैत्रात दक्षिणेचा वारा अगदी पाठीशी, तर मेले कालवेच बंद करतात, गाळ काढायला! उरली फाल्गुनातली एवढीशी फट." आणि बोटांची चिमूट करून ती फट मला दाखवीत.

त्या फटीत अडसर एकच. अक्कांचे यजमान, रावजी. त्यांचे वडील तंजावरच्या दरबारात ज्योतिष पाहत. इंग्रजांनी राज्य खालसा केलं, दरबार गेला, पण रावजींचं पंचांग काही गेलं नाही. ते मुहूर्ताशिवाय न्हाव्याकडेसुद्धा जात नसत. माणूस लाखाचा, बायकोवर जीव, पण फाल्गुन आला की नाकावर चष्मा चढवून म्हणत, "वारा तुझा बरोबर आहे गे. दिवस बरोबर नाही." आणि दिवस बरोबर निघे तेव्हा चिंधी उलट फडफडत असे. बायको वाऱ्याची, नवरा ताऱ्यांचा, असला तो संसार.

मग एका वर्षी अक्कांनी युक्ती काढली. चांगल्या मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर प्रवासाचं गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस निघाल्यासारखाच. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. रावजींनीच काढून दिलेल्या उत्तम मुहूर्तावर अक्का गाठोडं घेऊन आमच्याकडे आल्या. आत मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि थोरलीसाठी तिरुभुवनमचं रेशमी लुगडं, लालभडक. "एवढं लाल कशाला हो अक्का, या वयात?" मी विचारलं. "अगो, अंधाऱ्या डोळ्यांतसुद्धा शिरलं पाहिजे," त्या म्हणाल्या. गाठोडं आमच्या माजघरातल्या फळीवर बसलं.

आणि बसूनच राहिलं! त्या वर्षी अक्कांच्या लेकीचं बाळंतपण आलं. पुढल्या वर्षी वादळानं कालव्याचा बांध फोडला. त्यापुढे रावजींना हिवताप. प्रस्थान एकदा ठेवलं की घरी परत न्यायचं नाही, प्रवास मोडतो. म्हणून अक्का दरवर्षी येऊन त्यातले तांदूळ तेवढे बदलून जात. मी चिडवायची, "काय अक्का, कधी निघणार?" त्या गाठ आवळत म्हणायच्या, "निघालेय मी. पोचायचं तेवढं राहिलंय."

एका माघात राजमहेंद्रीहून आलेल्या यात्रेकरूनं निरोप आणला, थोरलीला आता दिव्याची ज्योत दिसते, दिवा दिसत नाही. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. आणि त्याच आठवड्यात, माघ सरायच्या आत, चिंधी उत्तरेकडे फडकली. दक्षिणेचा वारा यंदा लवकर सुटला होता! कालव्यात पाणी होतं, वारा पाठीशी होता. अक्का धावत घरात गेल्या. रावजींनी पंचांग उघडलं आणि मान हलवली. शुक्राचा अस्त चालू होता. "आता उंबरा ओलांडायचा नाही."

अक्का रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी रावजींना हाताला धरून आमच्या माजघरात आणलं आणि फळीकडे बोट केलं. "मुहूर्त कुणाचा बघता? मी केव्हाची निघालेय. मुहूर्त तुम्हीच काढून दिला होता."

"अगं, प्रस्थानाला मुदत असते! ते शिळं झालं."

"शिळं कसं होईल? दरवर्षी तांदूळ बदललेत."

रावजी गाठोड्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि ते पोट धरून हसले. हसता हसता डोळे पुसले. "वेणू," मला म्हणाले, "काढ गे ते खाली. आणि कुणाला तरी गाडीच्या वेळा विचारायला धाड. आमचं शास्त्र हरलं."

दोघं गेली ती आलीच नाहीत. पहिल्या पावसाळ्यानंतर 'पोचलो' एवढी खबर आली, मग रावजी तिकडेच वारल्याची. मी फळीकडे बघत नसे. उगाच कशाला खोटं बोलू, शेजार गेल्यावर घर खायला उठतं.

पुढच्या महामाघाला एक तेलुगू बाई दारात उभी राहिली, काखेत गाठोडं. अक्कांची राजमहेंद्रीची शेजारीणच त्या. अर्धं तामिळ, अर्धं मराठी बोलत त्यांनी सगळं सांगितलं. अक्का पोचल्या तेव्हा थोरली ओसरीवर बसली होती. तिनं लाल लुगडं बाजूला सारलं, अक्कांना उन्हात ओढलं आणि ओरडली, "अगो बाई, केस पांढरे झाले की गे तुझे!" अक्का दिवसभर गल्लीत सांगत फिरत होत्या, माझे पांढरे केस दिसले, तिला दिसले! पुढे वर्षभरात उरलीसुरली नजर गेली. तिला सोडून अक्कांचा पाय निघेना. आता थोरलीला वाऱ्याची दिशासुद्धा अक्काच सांगतात.

"मग हे गाठोडं?" मी विचारलं.

"आमच्या घरी ठेवलेलं त्यांचं प्रस्थान. कुंभकोणचं. म्हणाल्या, 'तुम्ही जाताच आहात तर पुढे न्या. वेणूच्या फळीवर ठेवा. मी मागून येतेच.'"

त्या बाईंपुढेच मी हुंदके देऊन रडले. मग फळी पुसली.

आता राजमहेंद्रीपर्यंत आगगाडी झाली आहे, होड्यांचं कुणी विचारत नाही. चिंधीचा बांबू मी आमच्या मागीलदारी आणला. पौषात उत्तरेचा वारा, तिकडून येणाऱ्याच्या पाठीशी असणारा, सुटला की मी गाठोडं उतरवते आणि तांदूळ बदलते. परवा नवी सून विचारत होती, हे कुणाचं?

"शेजारच्या अक्कांचं," मी म्हटलं. "निघाल्यात त्या."